काँगडा : धौलाधारच्या छायेतील आदिनाथ

मे महिन्याच्या सुट्टीचा बेत ठरू लागला की आपल्या पुष्कळ व्यापारी कुटुंबांत दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना तीर्थयात्रा हवी असते; मुलांना थंड हवा, बर्फाची शिखरे आणि डोंगरवाटा हव्या असतात. दुकान मुनिमांच्या हवाली करून वर्षातून आठ-दहा दिवसच बाहेर पडता येते, त्यामुळे दोन्ही प्रवास एकाच वर्षी जमत नाहीत. मग एका वर्षी शिखरजी किंवा पालिताणा, दुसऱ्या वर्षी सिमला किंवा मनाली, अशी वाटणी होते. ज्या वर्षी डोंगराची पाळी, त्या वर्षी आजी-आजोबा घर सांभाळतात. "तिथे आमच्या जेवणाचे काय, चौविहाराचे काय, आणि दर्शनाशिवाय दिवस कसा काढायचा?" हे त्यांचे प्रश्न खोटे नसतात.

हिमाचल प्रदेशातील काँगडा हे गाव या प्रश्नाचे चांगले उत्तर आहे. धौलाधार पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात भगवान आदिनाथांचे प्राचीन तीर्थ आहे, आणि मुलांना हवे असलेले धरमशाला तेथून अवघ्या अठरा-वीस किलोमीटरवर आणि मॅक्लोडगंज त्याहून थोडे वर आहे. आपल्याकडील शेकडो कुटुंबे दरवर्षी अमृतसर, डलहौसी, धरमशाला असा दौरा करतात आणि काँगड्याच्या रस्त्यावरून पुढे निघून जातात. आम्हीही पूर्वी एकदा तसेच गेलो होतो. या वेळी बहात्तर वर्षांच्या सासूबाई बरोबर होत्या, म्हणून थांबलो. थांबल्यावर जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

किल्ला आणि त्यातील प्रभू

काँगड्याचे जुने नाव नगरकोट. बाणगंगा आणि मांझी या दोन नद्यांच्या संगमावर, खोल दरीने वेढलेल्या उंच कड्यावर, कटोच राजवंशाचा प्रचंड किल्ला उभा आहे. पहाडी राज्यांची सत्ता या किल्ल्याच्या ताब्यावर तोलली जाई. इ. स. १००९ मध्ये गझनीच्या महमूदाने तो लुटला. १६२० मध्ये, चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर, तो जहांगीरच्या हाती गेला. १७८६ मध्ये राजा संसारचंद याने तो परत मिळविला. १८०९ मध्ये महाराजा रणजितसिंह आणि १८४६ मध्ये इंग्रज येथे आले. एकामागून एक दरवाजे ओलांडत वर चढताना हा इतिहास नावानिशी भेटतो : रणजितसिंह दरवाजा, अहनी व अमीरी दरवाजा, जहांगिरी दरवाजा, अंधेरी दरवाजा, आणि शेवटी दर्शनी दरवाजा.

दर्शनी दरवाजातून आत गेल्यावर मोकळे अंगण लागते. तेथे लक्ष्मीनारायण व अंबिकादेवी यांची मंदिरे आहेत, आणि जवळच लहानशा जिनालयात भगवान आदिनाथांची पद्मासनस्थ पाषाणप्रतिमा विराजमान आहे. भव्य शिखर नाही, संगमरवरी सभामंडप नाही. पालिताणा किंवा राणकपूर डोळ्यांत साठवून आलेल्या माणसाला प्रथम चुकल्यासारखे होते. पण दृष्टी स्थिर झाली की सभोवतालचे भग्न दगड बोलू लागतात.

४ एप्रिल १९०५ रोजी पहाटेनंतर थोड्याच वेळात या खोऱ्यात महाभयंकर भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. गावातील प्रसिद्ध ब्रजेश्वरी देवीचे मंदिर जमीनदोस्त झाले, किल्ल्याच्या भिंती व वाडे ढासळले, आणि तेथील इंग्रजी फौजेचा मुक्काम संपला. शतकानुशतके ज्या किल्ल्यासाठी राजे-बादशहा लढले, तो त्या सकाळी कोणाच्याच उपयोगाचा राहिला नाही. त्या पडझडीत आदिनाथांची प्रतिमा मात्र राहिली. कोणी याला चमत्कार म्हणेल. आपण इतकेच म्हणावे की सत्ता गेली, वैभव गेले, आणि ज्याने सर्वस्वाचा त्याग केला त्याची मूर्ती आपल्या जागी बसून राहिली.

सहाशे वर्षांपूर्वीचे एक पत्र

काँगड्याला जैन संघ येत असत याचा पुरावा एका पत्रात आहे. विक्रम संवत १४८४ मध्ये, म्हणजे आजपासून सुमारे सहाशे वर्षांपूर्वी, सिंधमधील फरीदपूर येथून एक यात्रासंघ नगरकोटास गेला. संघाबरोबर उपाध्याय जयसागरजी होते. या यात्रेचा वृत्तान्त त्यांनी आचार्य जिनभद्रसूरींना संस्कृतात लिहून कळविला. जेसलमेरच्या ज्ञानभांडाराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे जिनभद्रसूरी. ते पत्र 'विज्ञप्तित्रिवेणी' या नावाने ओळखले जाते. नगरकोटातील जिनमंदिरे, किल्ल्यावरील आदिनाथ आणि राजा नरेंद्रचंद्र यांचे उल्लेख त्यात आहेत.

मोटार नाही, रेल्वे नाही, नद्यांवर पूल नाहीत, अशा काळात व्यापारी श्रावक कुटुंबकबिल्यासह हिमालयाच्या पायथ्याशी येत होते. पुढे काळ पालटला. या भागातील जैन वस्ती विरळ झाली, संघ येईनासे झाले, आणि तीर्थ लोकांच्या आठवणीतूनही गेले. १९१६ मध्ये मुनी जिनविजयजींनी हे पत्र संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा समाजाला कळले की पंजाबच्या डोंगरांत आपले एक मोठे तीर्थ होते.

त्यानंतर आचार्य विजयवल्लभसूरींनी या तीर्थाच्या उद्धाराचा ध्यास घेतला. महाराष्ट्राला त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय त्यांच्याच प्रेरणेने १९१५ मध्ये सुरू झाले, आणि १९५४ मध्ये मुंबईतच ते कालधर्म पावले. त्यांचे अपुरे राहिलेले कार्य साध्वी मृगावतीश्रीजींनी पुढे नेले. १९७८ चा चातुर्मास त्यांनी काँगड्यात केला. गावात श्रावकांची घरे नसल्यासारखीच, गोचरीची अडचण, डोंगरातील पाऊस. अशा ठिकाणी चार महिने स्थिर राहण्याचा निर्णय सोपा नव्हता. त्यांच्या प्रयत्नांतून किल्ल्यातील आदिनाथांच्या नित्य सेवापूजेचा मार्ग मोकळा झाला. आज किल्ल्याच्या पायथ्याशी, पुराना काँगडा भागात, श्वेतांबर जैन तीर्थाचे नवे मंदिर, धर्मशाळा व भोजनशाळा उभी आहे. होळीच्या सुमारास येथे वार्षिक मेळा भरतो आणि पंजाबभरातून भाविक येतात.

वर्षाचे उरलेले दिवस

मेळ्याचे दिवस सोडले तर चित्र निराळे असते. आम्ही सकाळी किल्ला चढलो तेव्हा आमच्याखेरीज दुसरे जैन कुटुंब दिसले नाही. सासूबाई प्रत्येक दरवाजापाशी थोडा वेळ टेकत, सावकाश वर आल्या. अंगणात पोहोचल्यावर त्यांनी चैत्यवंदन केले. तोवर छायाचित्रे काढणारे पाच-सहा पर्यटक येऊन गेले. त्यांतील एका तरुणाने दारातून डोकावून विचारले, "माताजी, हे कोणाचे मंदिर?" सासूबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला ऋषभदेवांची गोष्ट सांगितली : असि, मसि आणि कृषी यांबरोबर ज्यांनी माणसाला वाणिज्यही शिकविले, आणि मग सारे सोडून जे निघून गेले. तरुण दाराबाहेर चपला काढून आत आला आणि हात जोडून गेला.

खाली उतरताना त्या म्हणाल्या, "आपण आलो नसतो तर त्याला कोणी सांगितले असते?"

तीर्थ मूर्तीमुळे होते हे खरे. पण ते टिकते येणाऱ्या माणसांमुळे. पालिताण्याला किंवा शंखेश्वराला आपण गेलो नाही तर तेथील गर्दीत फरक पडत नाही. काँगड्यात पडतो. स्थानिक श्रावकवस्ती नसलेल्या तीर्थात भोजनशाळेची चूल, पूजेचे केशर, पुजाऱ्याचा उत्साह, सारे यात्रिकांच्या पावलांवर अवलंबून असते. एकदा हे तीर्थ समाजाच्या विस्मरणात गेले होते, ते कोणा आक्रमकामुळे नव्हे. आपले येणे थांबले, म्हणून गेले.

गाव येणाऱ्यांमुळे जगते

हाच धडा काँगड्याहून वर, मॅक्लोडगंजमध्ये, एका दुकानदाराच्या कथेत मिळतो. आपल्या वाचकांना तो विशेष आवडेल. नौरोजी नावाच्या पारशी कुटुंबाने १८६० मध्ये येथे दुकान थाटले. इंग्रज साहेबांना लागणारा सर्व माल तेथे मिळे. १९०५ च्या भूकंपाने वरचे गाव उद्ध्वस्त केले, सरकारी कचेऱ्या खाली गेल्या, आणि १९४७ नंतर उरलेसुरले गिऱ्हाईकही गेले. मॅक्लोडगंज ओस पडले. पण नौरोजींनी दुकान बंद केले नाही. पुढे तिबेटमधून आलेल्या दलाई लामांसाठी भारत सरकार जागा शोधत असताना दुकानाचे तेव्हाचे मालक नौझर नौरोजी यांनी मॅक्लोडगंजमधील रिकामे बंगले सुचविले. १९६० मध्ये दलाई लामा येथे आले आणि ओसाड गाव जगाच्या नकाशावर आले. ते दुकान आता राहिलेले नाही. पण मॅक्लोडगंजच्या चौकातील गर्दीत उभे राहिल्यावर लक्षात येते की ही सारी वर्दळ एका दुकानदाराच्या चिकाटीची आणि आतिथ्याची ऋणी आहे.

मॅक्लोडगंजमध्ये दलाई लामांच्या निवासासमोरील बौद्ध मंदिर, देवदार वृक्षांच्या सावलीतील १८५२ चे दगडी चर्च आणि भागसूनाग येथील मंदिर व धबधबा ही ठिकाणे एका दिवसात होतात. धडधाकट मुलांना त्रिउंडच्या पठारापर्यंत पायी चढता येईल. त्यासाठी वेगळा पूर्ण दिवस व स्थानिक वाटाड्या हवा. खाली सिद्धपूर येथील नोरबुलिंका संस्थेत तिबेटी चित्रकला, लाकूडकाम व धातुकाम करणारे कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसतात. सुट्टीच्या दिवसांत मॅक्लोडगंजच्या अरुंद रस्त्यावर वाहने तासन् तास अडकतात. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी दुपारी चारच्या आत परतीला लागावे, किंवा संध्याकाळचे जेवण बरोबर ठेवावे.

दोन भाऊ, आणि पुन्हा दोन भाऊ

काँगड्याहून पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवर बैजनाथचे प्रसिद्ध शिवमंदिर आहे. येथील शिलालेखांनुसार ते १२०४ मध्ये आहुक व मन्युक या दोन व्यापारी बंधूंनी बांधविले. गावाचे तेव्हाचे नाव कीरग्राम. याच मंदिरात आणखी एक लेख सापडला, तो जिनप्रतिमेच्या बैठकीवरचा आहे. संवत १२९६ मध्ये डोल्हण व आल्हण या दोन भावांनी कीरग्रामात भगवान महावीरांची प्रतिमा स्थापन केली, असे तो सांगतो. ती प्रतिमा आज तेथे नाही, बैठक राहिली. एकाच गावात, छत्तीस वर्षांच्या अंतराने, दोन भावांनी शिवालय बांधले आणि दोन भावांनी जिनप्रतिमा बसविली. आपल्या पेढ्यांवर आजही 'अमुक ब्रदर्स' अशी पाटी असते. भावाभावांनी मिळून कमवावे आणि मिळून धर्मकार्यात लावावे, ही रीत किती जुनी आहे ते येथे कळते.

काँगड्याच्या बाजारपेठेतील इंद्रेश्वर मंदिरापाशीही प्राचीन जिनप्रतिमा आहेत, त्याही जरूर पाहाव्यात. ब्रजेश्वरी मंदिर भूकंपानंतर पुन्हा उभारले गेले आहे. किल्ल्याच्या दाराशेजारील महाराजा संसारचंद संग्रहालयात काँगडा शैलीची नाजूक चित्रे व राजघराण्याच्या वस्तू आहेत. किल्ला चढण्याआधी ते पाहिले तर मुलांना वरचे अवशेष नीट समजतात.

चहाचे मळे आणि लहान रेल्वे

बैजनाथच्या वाटेवर पालमपूर लागते. धौलाधारच्या हिमरेषेखाली पसरलेले चहाचे मळे हे त्याचे वैभव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे चहाची लागवड सुरू झाली. भूकंपानंतर अनेक इंग्रज मळेवाल्यांनी मळे विकून काढता पाय घेतला, आणि लहान स्थानिक मालकांनी हा धंदा सांभाळला. येथील हिरवा चहा एके काळी अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत काश्मीर व अफगाणिस्तानपर्यंत जात असे. काँगडा चहाला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये युरोपीय संघानेही ते मान्य केले. पालमपूरच्या सहकारी चहा कारखान्यात पान सुकविण्यापासून प्रतवारीपर्यंतची कामे पाहायला मिळतात. व्यापाऱ्याच्या मुलाने हे अवश्य पाहावे : एकाच झुडपाच्या पानाचा भाव प्रतवारीने कसा बदलतो, हे पुस्तकापेक्षा येथे लवकर समजते.

अडीच फुटी रुळांवरची काँगडा खोऱ्याची लहान रेल्वे १९२९ मध्ये सुरू झाली. पठाणकोट ते जोगिंदरनगर हा तिचा १६४ किलोमीटरचा मार्ग. सिमल्याच्या गाडीप्रमाणे ती वारंवार बोगद्यांत शिरत नाही. पुलांवरून, शेतांमधून, शिखरे डाव्या-उजव्या हाताला ठेवत जाते. काँगडा ते बैजनाथ-पपरोला हा टप्पा सर्वांत रम्य. मात्र ऑगस्ट २०२२ च्या पुरात पठाणकोटजवळील चक्की नदीवरचा पूल कोसळला होता, आणि पावसाळ्यात दरडींमुळे ही सेवा वारंवार बंद पडते. म्हणून गाडी कोठून कोठवर चालू आहे याची चौकशी करूनच बेत आखावा.

वेळ असेल तर परतीच्या दिवशी थोडी वाकडी वाट करून मसरूर पाहावे. अखंड खडकातून कोरलेला हा मंदिरसमूह आठव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. वेरूळचे कैलास व तेथील जैन लेणी पाहिलेल्या मराठी माणसाला येथे आल्यावर ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. समोरच्या तळ्यात मंदिराचे प्रतिबिंब पडते. भूकंपाच्या खुणा येथेही आहेत.

प्रवासाची तयारी

पुण्याहून झेलम एक्सप्रेस व मुंबईहून स्वराज एक्सप्रेस पठाणकोट छावणी स्थानकावर थांबते. तेथून काँगडा मोटारीने सुमारे नव्वद किलोमीटर. विमानाने येणाऱ्यांसाठी गग्गल येथील विमानतळ जवळच आहे. मार्च ते मध्य जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात धरमशाला परिसरात अतिशय जोरदार वृष्टी होते व रस्ते खचतात. चातुर्मासात प्रवास टाळावा, ही आपली मर्यादा येथे व्यवहारालाही धरून आहे.

धर्मशाळेत उतरण्याची व भोजनाची पूर्वसूचना अवश्य द्यावी. यात्रिक कमी असतात, तेव्हा पूर्वसूचनेशिवाय स्वयंपाक करून ठेवणे व्यवस्थापनाला कठीण जाते. पूजेचे वस्त्र बरोबर न्यावे. किल्ल्यावर सकाळी लवकर जावे. वाट फरसबंदीची असली तरी चढ आहे, म्हणून गुडघेदुखीच्या माणसांसाठी काठी आणि भरपूर वेळ हवा. पक्के पाणी भरून घ्यावे. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा तेथील नियम पाळून पूजा करावी.

बाहेर खाण्याचा प्रसंग आला तर काँगड्याची 'धाम' ही पारंपरिक पंगत पाहण्यासारखी असते. 'बोटी' म्हणविणारे ब्राह्मण आचारी ती रांधतात आणि पत्रावळीवर वाढतात. परंपरेने तिच्यात कांदा-लसूण नसतो. पण तिचा मुख्य पदार्थ 'मदरा' हा हरभरे दह्यात शिजवून करतात. दही शिजलेले असले तरी द्विदलाचा ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी विचारूनच ताटात घ्यावा. गोड भात व डाळ मात्र सर्वांना चालण्यासारखी.

चार दिवस पुरेसे होतात. पहिला दिवस विश्रांती व पायथ्याच्या मंदिराचे दर्शन, दुसरा किल्ला, संग्रहालय व बाजारातील मंदिरे, तिसरा धरमशाला-मॅक्लोडगंज, चौथा पालमपूर व बैजनाथ. रोज रात्री मुक्काम प्रभूंच्या चरणीच.

आमच्या घरी आता पुढच्या सुट्टीचा बेत ठरतो आहे. मुलांना त्रिउंडला जायचे आहे, कारण गेल्या खेपेस ते राहून गेले. सासूबाई या वेळी घर सांभाळायला तयार नाहीत. त्यांनी शेजारच्या दोन कुटुंबांना परस्पर सांगूनही टाकले आहे की धरमशालेला जाणार असाल तर मुक्काम काँगड्यात करा. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या संघाइतका मोठा नाही, पण यंदा आमचा संघ पंधरा माणसांचा होईल असे दिसते.